पात्रयादी खालून वर

नाटकाचं पुस्तक हातात आलं की मी अर्पणपत्रिका, प्रस्तावना सगळं ओलांडून पात्रयादीवर येते आणि ती खालून वर वाचते. वरच्या नावांची ओळख करून द्यायला अख्खं नाटक बसलेलं असतं, त्यांची घाई नसते. मला आधी भेटायचं असतं तळाच्या मंडळींना. तिथे कधी 'संशयकल्लोळ'मधला भादव्या असतो, कधी 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधला बाळू रोकडे, कधी 'वाडा चिरेबंदी'तली दादी, तर कधी नुसतंच 'गडी', 'शेजारीण', 'हवालदार', 'एक इसम'. या माणसांना लेखकानं नाव दिलंय का, ती रंगमंचावर किती वेळ असतात, ती आलीच नसती तर नाटकाचं काही अडलं असतं का, एवढं कळलं की त्या नाटकाबद्दल बरंच काही हाती लागतं.

ही सवय हौशी रंगभूमीनं लावली. आमच्या गटात बँकेतली माणसं आहेत, विमा कंपनीतली आहेत, शाळेतल्या एक बाई आहेत, बेस्टमध्ये नोकरी करणारा एक जण आहे. ऑफिस सुटल्यावर सगळे परळला जमतो. शाळेचा एक वर्ग मिळतो, बाकं भिंतीला लावायची आणि मधल्या जागेत नाटक उभं करायचं. रात्री साडेदहाच्या पुढे तालीम नेता येत नाही, कारण कुणाला वसई गाठायची असते, कुणाला बदलापूर, कुणाला पनवेल. मुख्य भूमिका करणाऱ्याला या वणवणीचं मोल मिळतं. पण हवालदाराचं काम करणाराही तीच गाडी पकडतो, तितकाच उशिरा जेवतो, घरच्यांची तितकीच बोलणी खातो. दोन-अडीच तास भिंतीशी बसून शेवटी उठतो, दोन वाक्यं म्हणतो आणि पुन्हा बसतो. तीन महिने. त्या माणसाला आपण काय देतो, हा प्रश्न मला अनेक तालमींमध्ये छळत आलाय. त्यातूनच माझं मत बनत गेलं की, बसवायचं नाटक त्यातल्या सर्वांत लहान भूमिकेवरून निवडावं.

यात माणसाविषयीची आस्था आहेच. पण हा लेखकाच्या कसबाचाही प्रश्न आहे. ज्याला दोन वाक्यांचा माणूस जिवंत उभा करता येतो, त्याची दोनशे वाक्यांची माणसं सहसा पोकळ निघत नाहीत. उलट बाजूनं मात्र खात्री देता येत नाही. नायकाला पल्लेदार स्वगतं देणारे लेखक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या नाटकांत बाकीची माणसं नायकाला श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून प्रश्न विचारत राहतात.

बाळू रोकडेचंच घ्या. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली 'रंगायन' या नाट्यसंस्थेनं केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि लीला बेणारे सुलभा देशपांडे यांची. हे नाटक वाचायला घेणारा प्रत्येक जण बेणारेबाईंच्या मागे जातो, आणि ते बरोबरच आहे. पण एकदा संपूर्ण नाटक फक्त रोकडेच्या मागे राहून वाचून बघा. काशीकर दांपत्याच्या आश्रयानं वाढलेला, त्यांच्या उपकारांखाली दबलेला हा मुलगा. सामान उचलायला तो, बोलणी खायला तो. बेणारेही त्याला मजेनं डिवचते. पहिला अंक वाचताना त्याच्याकडे आपलं लक्षसुद्धा जात नाही, कारण नाटकातल्या कुणाचंच जात नाही. मग बेणारेला आरोपी करून तो लुटूपुटूचा खटला सुरू होतो, साक्षीदार हवे असतात, आणि रोकडे साक्ष देतो. प्रा. दामल्यांच्या घरी आपण बेणारेला कसं पाहिलं ते तो सांगू लागतो आणि सगळ्यांचे कान त्याच्याकडे लागतात. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याचं ऐकतात, आणि ऐकतात ते एका बाईला उघडं पाडण्यासाठी. दबलेल्या माणसाला मान मिळतो तो आणखी कुणाला तरी दाबण्याच्या बदल्यात. तेंडुलकरांनी हे कुठेही शब्दांत मांडलेलं नाही. ते फक्त रोकडेच्या जागेवर बसून वाचणाऱ्याला दिसतं.

त्याच नाटकात सामंत आहे. गावातला साधा, कोर्टाची पायरी न चढलेला माणूस. ऐन वेळी कुणी तरी आलं नाही म्हणून साक्षीदार व्हायला धरून आणलेला. साक्षीत काय बोलायचं हे कळेना म्हणून तो एका कादंबरीतला मजकूर वाचून दाखवतो, आणि निष्पाप मनानं वाचलेला तो मजकूर बेणारेभोवतीचा फास आवळायला उपयोगी पडतो. मनात काडीचं पाप नसलेल्या माणसाच्या हातून हे घडतं. सामंताचं काम करणाऱ्या नटाला दुसरी काही करामत करावी लागत नाही, त्यानं शेवटपर्यंत चांगला माणूस राहायचं आणि नाटक त्याच्याकडून आपलं काम करून घेतं. प्रा. दामले तर येतच नाहीत. न आलेल्या माणसाचं वजन सगळ्या नाटकावर पडतं. मला हे लेखन इतकं आवडतं की नवीन कुणी गटात आलं की मी आधी हे पुस्तक हातात ठेवते. शिवाय यातली माणसंही आपल्यासारखीच, मुंबईहून गावी प्रयोग करायला निघालेली हौशी मंडळी. आपल्याच जातकुळीची माणसं काय करू शकतात हे वाचताना अंगावर काटा येतो.

आणि ती कडी. नाटकाच्या सुरुवातीलाच दाराच्या कडीत बेणारेचं बोट चेमटतं. वाचताना आपण हे सहज ओलांडून पुढे जातो, कारण ती नुसती रंगमंचावरची हालचाल वाटते. पुढे तीच कडी बाहेरून लागते आणि बेणारेला निसटून जायला वाट उरत नाही. कथा-कादंबरी वाचायची सवय असलेला वाचक कंसातल्या रंगसूचना घाईनं वाचतो किंवा गाळतो. नाटकात मात्र निम्मा कारभार तिथेच चाललेला असतो. कोण कुठे बसलंय, कोण आत गेलंय, कोणी पाणी आणलंय, दार उघडं आहे की बंद. माझ्या पुस्तकांत या कंसांखाली पेन्सिलीच्या रेघा आहेत आणि संवाद बहुतेक कोरे आहेत.

आमच्या गटातले एक ज्येष्ठ काका, उमेदीच्या काळात गिरणगावातल्या कामगार रंगभूमीवर कामं केलेले, नव्या मुलांना भूमिका दिल्यावर एकच गृहपाठ देतात. "तुझी वाक्यं पाठ कर म्हणत नाही मी तुला. तू स्टेजवर असताना गप्प कधी असतोस, ती पानं मला काढून दाखव." मुलं गोंधळतात, कारण गप्प असण्याचं पान कुठे छापलेलं नसतं. ते शोधावं लागतं. एन्ट्री कुठे झाली, एक्झिट कुठे आहे, मधे दुसरे बोलतायत तेव्हा हा माणूस काय ऐकतोय. हा गृहपाठ केला की पाच ओळींची भूमिका वीस पानांची निघते. तशी निघाली नाही, तर ते नाटक बसवू नये असं माझं म्हणणं. काका माझ्याशी सहमत नाहीत. त्यांच्या मते चांगला नट रिकाम्या भूमिकेतही काही तरी भरतोच. भरतो हे खरं. पण नटानं भरलेलं आणि लेखकानं पेरलेलं यात फरक असतो, आणि समोर बसलेल्या प्रेक्षकाला तो कळतो.

या बाबतीत महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' म्हणजे खाणच आहे. विजया मेहतांनी ते १९८५ मध्ये रंगमंचावर आणलं. विदर्भातलं धरणगाव, देशपांड्यांचा वाडा, तात्याजी गेलेत, आणि मुंबईहून सुधीर आणि अंजली येऊन पोचलेत. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलाय. दुखवट्याच्या त्या दिवसांत खर्चाचं, वाटणीचं, दागिन्यांचं बोलणं होतं. बोलतात ते भास्कर आणि सुधीर हे भाऊ. पण राबतो तो तिसरा भाऊ चंदू. कुणी हाक मारली की तो असतो, कुणाची हाक नसली की कुणाला आठवत नाही. प्रभाला शिकायचं होतं, शिकू दिलं नाही, आणि आता ती घरातच वाळून चाललीय. दादी आतून पुन्हा पुन्हा वेळ विचारते. घरातले उत्तर देतात, नाही देत, आणि तिचा प्रश्न पुन्हा येतो. पहिल्या वाचनात दादी म्हणजे थोडी गंमत, थोडी करुणा असं वाटतं. मोठ्यानं वाचायला बसलो तेव्हा ध्यानात आलं की तिचा प्रश्न प्रत्येक वेळी नेमक्या जागी पडतो, कुणी तरी खरं बोलायच्या बेतात असताना, किंवा नुकतंच बोलून झाल्यावर. दादीचं वाचन करणाऱ्या आमच्या ताईंना त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त एकाग्र राहावं लागलं. जरा उशीर झाला की आख्खा प्रवेश सैल पडत होता.

मोठ्यानं वाचणं ही गोष्ट मी कुणालाही सांगेन, नाटक करायचं असो वा नसो. एकट्यानं वाचत असाल तरी ओठ हलवून वाचा. लोकलमध्ये वाचत असाल तर निदान मनातल्या मनात आवाज बदला. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' गप्प बसून वाचलं तर आजच्या वाचकाला ते दहा पानांत थकवतं. वाक्यं लांब, अलंकार एकावर एक, कोट्यांवर कोट्या. तेच खड्या आवाजात वाचायला घ्या. तळीरामाचं वाक्य कुठे श्वास मागतं आणि कुठे देत नाही, हे छातीला कळू लागतं, आणि मग दारू पिण्याचं समर्थन करणारा तो माणूस इतका लाघवी का वाटतो तेही कळतं. त्याचे युक्तिवाद तपासायला तो ऐकणाऱ्याला सवडच देत नाही. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, नाटक रंगमंचावर आलं ते त्यानंतरच्या महिन्यात. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची, सिंधू बालगंधर्वांची. आर्य मदिरा मंडळाच्या बैठकीतली माणसं, तो शास्त्री, तो खुदाबक्ष, मोजक्या वाक्यांची आहेत. पण एकेकाचा पिण्याचा बहाणा वेगळा आहे. वाचायला बसलेल्या प्रत्येकाला आपला बहाणा आपल्या सुरात म्हणता येतो. त्या बैठकीच्या प्रवेशाचं वाचन आम्ही केलं तेव्हा एरवी मागे मागे राहणारी मंडळी अशी खुलली की पुढचा अंक वाचायला वेळच उरला नाही.

काही नाटकं मात्र कागदावर आपलं अर्धंही देत नाहीत. सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' ज्याला कीर्तनाचा बाज कानाला ओळखीचा नाही, त्यानं नुसतं वाचलं तर तो बुचकळ्यात पडेल. मेलेले भाऊराव कीर्तन करतायत आणि जुन्या स्मशानातच जाळून घ्यायचा हट्ट धरून बसलेत. पूर्वरंग, उत्तररंग, मधेच धरलेली चाल हे सगळं कानात असेल तर पानापानावर हसू येतं आणि ते हसू मधेच घशाशी अडतं. तीच गत 'घाशीराम कोतवाल'ची. वाचताना दिसतात सोप्या, जवळजवळ बालिश वाटाव्यात अशा ओळी. त्या ओळी बारा ब्राह्मणांच्या मानवी पडद्यातून नाचत-गात यायच्या आहेत, हे डोळ्यांसमोर आणता आलं पाहिजे. जब्बार पटेलांनी १९७२ मध्ये ते पुण्यात उभं केलं तेव्हा भास्कर चंदावरकरांच्या संगीतानं ते पेललं. ज्या गटाकडे गाणारे गळे आणि ताल धरणारे पाय नाहीत, त्यांनी हे नाटक भरपूर वाचावं, ऐकावं, पाहावं आणि बसवायचा विचार करू नये. गंमत म्हणजे माझ्या कसोटीला हे नाटक पुरेपूर उतरतं. त्यात रांगेतल्या माणसाशिवाय काहीच चालत नाही. पण कसोटी एकच असून भागत नाही.

वाचायला नाटकं मिळवायची कुठून? दादर पश्चिमेला छबिलदास शाळेच्या गल्लीकडे वळलं की आयडियलचं दुकान लागतं. तिथल्या नाटकांच्या कप्प्यापुढे उभं राहून मी कितीतरी पात्रयाद्या वाचल्या आहेत. ह्याच छबिलदासच्या सभागृहात १९७४ पासून 'आविष्कार'नं प्रायोगिक नाटकांचं घर थाटलं होतं. आता तिथून जाताना भाजीच्या पिशव्या सांभाळणाऱ्या गर्दीत हे कुणाला आठवतही नसेल, मला मात्र प्रत्येक वेळी आठवतं. जुनी, पुन्हा न छापली गेलेली नाटकं हवी असतील तर ग्रंथालयांकडे जावं, नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या. बाकी बरंचसं नाटक हौशी मंडळींमध्ये झेरॉक्सवर जगलेलं आहे, आणि हल्ली फोनवर आलेल्या फाइलींवर. पण छापील पुस्तकात एक गोष्ट मिळते ती फाइलीत हरवते. पुस्तकाच्या सुरुवातीला पहिल्या प्रयोगाची तारीख, नाट्यगृह आणि कलावंतांची नावं असतात. ती यादी मी अगदी सावकाश वाचते. पुढे फार मोठं नाव झालेला नट एखाद्या जुन्या यादीत तळाशी सापडतो. तिथे कुणी तरी त्याला चांगली लहान भूमिका लिहून दिली होती.

पूर्वीच्या मंडळांसाठी पुस्तकांच्या मुखपृष्ठावरच 'स्त्रीपात्रविरहित' असं छापलेलं असे. बायका मिळायच्या नाहीत, म्हणून तशी नाटकं हुडकली जायची. महिला मंडळांसाठी 'पुरुषपात्रविरहित' असायची. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांची कामं स्त्रियांनीच केली, त्यालाही आता नव्वद वर्षं होऊन गेली. आणि आजची आमची अडचण नेमकी उलटी आहे. गटात बायका जास्त आणि नाटकांत पुरुषपात्रं जास्त. सात पुरुष, दोन स्त्रिया हा हिशेब इतक्या नाटकांत दिसतो की कधी कधी संताप येतो. मग कुणी तरी सुचवतं, वकिलाची वकीलबाई करू, काय बिघडतं? काही नाटकांत खरंच बिघडत नाही. 'शांतता!'त मात्र वकील सुखात्म्यांची बाई केली तर नाटकच कोसळेल. तिथे आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी बाई आहे आणि तिचा निवाडा करायला बसलेल्यांत सत्ता पुरुषांची आहे. मिसेस काशीकर असून नवऱ्यासमोर त्यांचं काही चालत नाही, हाही त्या रचनेचाच भाग आहे. असे बदल लेखकाच्या किंवा वारसांच्या परवानगीशिवाय करूही नयेत.

परवानगीचं थोडक्यात सांगते. आपल्याकडे लेखकाच्या निधनाचं वर्ष संपल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतात. देवल, गडकरी, खाडिलकर केव्हाच मोकळे झाले. मामा वरेरकर १९६४ मध्ये गेले, म्हणजे त्यांची नाटकं २०२५ पासून सगळ्यांसाठी खुली झाली आहेत, आणि त्यांच्याकडे आता कुणी तरी नव्यानं वळावं असं फार वाटतं. बाकी नाटकांसाठी पत्र लिहायचं, ठरलेलं मानधन द्यायचं. प्रयोग फुकट आहे, सोसायटीतल्या सोसायटीत आहे, असल्या सबबी सांगू नयेत. लेखकाचं पोट त्याच्या शब्दांवर असतं. जाहीर प्रयोगासाठी परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्रही लागतं. 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंगांना मंडळाविरुद्ध उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं, हे या निमित्तानं आठवतं. त्या नाटकाचा वाद इतका गाजला की त्यातला दाऊद झाकला गेला. सखारामचा मित्र, मुसलमान, गणपतीच्या आरतीत सूर मिसळणारा. सखारामच्या घरात राहणाऱ्या लक्ष्मीला ते खपत नाही. त्या एका प्रसंगात सखारामचं, लक्ष्मीचं आणि आपल्या सगळ्या शेजारपाजाराचं जे दिसतं, त्यासाठी दाऊदला भाषण करावं लागत नाही.

मुंबईत नाटक निवडताना आणखी एक परीक्षक असतो, तो म्हणजे शेवटची गाडी. संगीत नाटकं एके काळी पाच-पाच अंकांची, रात्रभर चालायची. आता साडेआठचा प्रयोग अकरा-सव्वाअकराला संपलाच पाहिजे, नाहीतर शेवटच्या अंकात खुर्च्यांचे आवाज येऊ लागतात. म्हणून जुनी नाटकं कापावी लागतात, आणि कात्री आधी कुठे चालते ते मी नेहमी बघत आले आहे. भादव्याचा प्रवेश जातो, गड्याची दोन वाक्यं जातात, शेजारीण तर नावासकट जाते. नायकाचं स्वगत शाबूत राहतं. 'संशयकल्लोळ'मध्ये फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर संशय घेत घरभर फिरतात तेव्हा त्या घरात चाकर म्हणून राहणं कसं असेल, हे भादव्यामुळे कळतं. तो अर्धा कापला तर संशय हवेत राहतो, घरात उतरत नाही. कापायचंच असेल तर मोठ्यांची वाक्यं कापावीत. त्यांच्याकडे भरपूर असतात.

'नटसम्राट'विषयी मला इथे स्पष्ट बोललं पाहिजे, कारण दर दोन-तीन वर्षांनी कुणी तरी ते सुचवतंच. शिरवाडकरांचं हे १९७० चं नाटक मला अतोनात प्रिय आहे. त्यातला विठोबा, तो बूटपॉलिश करणारा राजा, ही लहान माणसं जिवंत लिहिलेली आहेत. पण हौशी गट ते निवडतात तेव्हा विठोबासाठी निवडत नाहीत. गटात कुणी तरी ज्येष्ठ नट असतो, त्याला बेलवलकरांची स्वगतं म्हणायची असतात, आणि बाकी सगळ्यांनी तीन महिने त्याच्याभोवती उभं राहायचं असतं. डॉ. लागूंनी त्या भूमिकेत स्वतःला कसं झिजवलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अशा नाटकाचं वाचन करावं, एखाद्या रविवारी दुपारी, ज्याला जी भूमिका वाचावीशी वाटते ती त्यानं वाचावी. बसवण्याआधी मात्र विठोबा कोण करणार हे आधी ठरवावं, आणि त्याला ते काम मनापासून हवंय का ते विचारावं.

स्पर्धेच्या एकांकिकांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. तिथे तरुण मुलं जीव ओतून कामं करतात, रात्र-रात्र जागतात. पण निवड पुष्कळदा शेवटच्या धक्क्यावरून होते. शेवटी काय उघड होतं, त्यावर परीक्षक दचकतील का, एवढंच बघितलं जातं. त्या धक्क्यापर्यंत पोचण्यासाठी मधली माणसं जिन्यासारखी वापरली जातात. प्रेमानंद गज्वींच्या 'घोटभर पाणी'त दोन नट आहेत, बाकी रंगमंच रिकामा, आणि प्रश्न पाण्याचा. त्या दोघांतच सगळं गाव येऊन जातं. धक्का द्यायचा म्हणून ते लिहिलेलं नाही, आणि कुठल्याही चाळीच्या पटांगणात, कुठल्याही वर्गात ते आजही करता येतं. कॉलेजातल्या मुलांनी निवडायला बसताना अशी एकांकिका आधी मोठ्यानं वाचावी, मग हातातल्या नव्या संहितेकडे परत यावं.

सध्या आमच्या गटात जयंत पवारांचं 'अधांतर' घ्यायचं चाललंय. १९९७ चं नाटक. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर गिरणगावात जे झालं ते या नाटकात एका धुरी कुटुंबाच्या खोलीत घडतं. आई आहे. लेखक व्हायला निघालेला बाबा, क्रिकेटमध्ये रमलेला मोहन, गुंडगिरीकडे वळलेला नरू, आणि मंजू. गटात मतभेद आहेत. एकाचं म्हणणं, आता प्रेक्षकांना गिरणी म्हणजे काय ते सांगावं लागेल, कारण जिथे भोंगे वाजायचे तिथे मॉल आणि मनोरे उभे आहेत. गटातली एक मुलगी लोअर परळला तशाच एका इमारतीत नोकरीला आहे. तिनं वाचनात मंजूची वाक्यं वाचली आणि वाचून झाल्यावर विचारलं, आमचं ऑफिस आहे तिथे आधी कुठली गिरणी होती? काकांनी सांगितलं. कुठल्या खात्यात काय चालायचं, पाळ्या कशा बदलायच्या, संपात कुणाच्या घरातली भांडी आधी विकली गेली, सगळं. वाचन तासभर लांबलं. तिला त्या नाटकासाठी आणखी काही समजवायची गरज उरली नाही, आणि तिच्या वयाच्या प्रेक्षकालाही उरणार नाही असं मला वाटतं.

माझ्या कसोटीला 'अधांतर' सहज उतरतं. एवढ्याशा खोलीत सगळे एकमेकांसमोर असतात, एक जण बोलत असतो तेव्हा दुसऱ्याला ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं. भिंतीशी बसून आपल्या वाक्याची वाट बघावी लागेल असं त्यात फारसं कुणी नाही. नरू बोलतो तेव्हा आई काय करते, बाबा शब्द शोधतो तेव्हा मोहन कुठे बघतो, हे सगळं करण्यासारखं आहे, रोज नव्यानं करण्यासारखं.

परवानगीचं पत्र लिहून तयार आहे. आईची भूमिका कुणी करायची यावर अजून एकमत नाही. दोघी जणी इच्छुक आहेत आणि दोघीही तयारीच्या आहेत. येत्या शनिवारी दोघींनाही आईची वाक्यं द्यायची नाहीत, नरूची वाचायला लावायची, असं मी सुचवलंय, कारण त्या बाईला नाटकभर सगळ्यात जास्त ऐकावं लागतं ते नरूचं. काकांना हे पहिल्यांदाच पटलंय.